डावी बाही

वेदवतीबाईंनी ब्लाउज टाकला तो थेट वसंताच्या हाताखालच्या कापडावर.

"नोडी, बघा, ही तिसरी खेप. डावी बाही अजून काचतेच आहे. तुम्ही मापं घेता की अंदाजानं कापता?"

चामराजपुरमच्या त्या छोट्या शिवणाच्या दुकानात गिऱ्हाईक बसलेलं होतं. लेकीच्या लग्नाचे अकरा ब्लाउज शिवायला टाकायचे म्हणून नागरत्ना आली होती. तिनं गाठोड्याची सोडायला घेतलेली गाठ पुन्हा आवळली. मशीनवर बसलेल्या वसंताच्या सासऱ्यांचा, रंगरावांचा, पाय थांबला.

वसंताचे कान तापले. दोनदा उसवून तिनं शिवणीतली होती नव्हती तेवढी माया, आत दुमडलेलं जादा कापड, सोडली होती. शाळेत पोरांना दटावतात तसंच या मास्तरीणबाई सगळ्यांना दटावत, आणि आजवर कुणी त्यांना उलट बोललं नव्हतं. तिनं खणातून मापांची वही काढली. उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, आधी तिनंच लिहिलेलं पान समोर आलं. दोन्ही दंड अकरा इंच. ब्लाउजही आधी अगदी तेवढ्याच मापाचा शिवला होता.

"दाखव त्यांना," रंगराव म्हणाले.

"अक्का, हात जरा पुढे करा."

वसंतानं उजव्या दंडाला टेप लावली. अकरा. मग डाव्या. तेरा. टेप सरकली असेल म्हणून तिनं पुन्हा लावली, तरी तेराच. टेप काखेकडे जाताच बाईंनी श्वास आत ओढला आणि तोंड रस्त्याकडे फिरवलं.

"किती आलं?" रंगरावांनी विचारलं.

आकडा वसंताच्या ओठांवर होता. तो सांगितला असता तर दुकानाची अब्रू राहिली असती. तिनं वही मिटली.

"चूक माझीच आहे, अक्का. नवी बाही लावून देते."

नागरत्ना उठली. "आमेले बरतीनी," नंतर येते, असं कन्नडमध्ये पुटपुटत गाठोडं काखेत मारून ती पायऱ्या उतरली.

"गेलं लग्नाचं काम," रंगराव म्हणाले. "चूक नसताना." त्यांनी मशीन इतकी जोरात चालवली की दोरा तुटला.

वेदवतीबाई अजून उभ्याच होत्या. जिंकल्याचं काहीच त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. मशीन थांबली तेव्हा त्यांनी हलक्या आवाजात विचारलं,

"वसंता, खरं माप किती आलं?"

"उजवा अकरा. डावा तेरा."

"आणि उगादीला?"

"दोन्ही अकरा होते, अक्का."

बाईंनी पदर डाव्या दंडावर ओढून घेतला. "काखेत गाठ आहे," त्या म्हणाल्या. "घरी कुणाला बोलले नाही. मला वाटत होतं, ब्लाउजच काचतोय."

वसंतानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाजारापलीकडच्या डॉक्टरीणबाई पाचपर्यंत असतात."

"ठाऊक आहे. दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन आले."

वसंतानं गळ्यातली टेप काढून ठेवली आणि चपला पायात घातल्या.

"मामंजी, मी तासाभरात येते."

रंगराव काही बोलणार होते. पायरीवर बाईंनी वसंताचं मनगट घट्ट धरलेलं त्यांना दिसलं.

"रिक्षा करा," ते म्हणाले. "ऊन आहे."