माझ्यासाठी हटवा

ललिता तव्यावरची भाकरी उलटत होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिचे हात पिठाचे, म्हणून झुंबरने तो उचलला आणि तिच्या कानाशी धरला. सुरगाण्याहून त्याची थोरली बहीण शकुबाई बोलत होती. फोनवरही डोंगरापलीकडे हाक मारल्यासारखं बोलायची तिची सवय, त्यामुळे झुंबरला सगळं ऐकू येत होतं.

“ललिता, छातीत कॅन्सरची गाठ निघाली म्हणं तुला? आन् आम्हाला सांगितलं बी नाय?”

ललिताचा हात तव्यापाशीच थांबला.

“कोण म्हणालं, ताई?”

“कोण म्हणालं काय? ग्रुपवर रिपोर्ट हाय. झुंबरनंच टाकलाय ना सकाळी!”

भाकरी करपल्याचा वास आला. ललिताने गॅस बंद केला, हात पदराला पुसले आणि नवऱ्याकडे बघितलं.

झुंबरने खिशातून आपला फोन काढला. ‘समस्त पगारे परिवार’ या ग्रुपवर, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकखाली, रिपोर्टची पानं होती. पाठवायची होती फक्त चैतालीला. चैताली ललिताच्या बहिणीची मुलगी, हॉस्पिटलात नर्स. पण सकाळी तिनेच ग्रुपवर शुभेच्छा दिल्या होत्या. यादीत सगळ्यात वर, ग्रुपच्या नावाखाली, तिचं नाव दिसलं आणि झुंबरने तिथेच अंगठा टेकवला होता.

तो पाठमोरा झाला. पानांवर बोट दाबून धरलं. फोनने काहीतरी विचारलं, त्याने घाईघाईत एक ओळ दाबली, आणि रिपोर्ट डोळ्यांसमोरून गेला.

“हे बघ,” तो वळून म्हणाला, “इथं तर काहीच नाही.”

“मग ताईंना कुठून दिसला?”

“फोन हॅक झाला असेल. हल्ली होतंय तसं. पेपरात रोज येतं.”

ललिताने आपला फोन घेतला. त्या ग्रुपवर तीही होती. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने फोन ओट्यावर पालथा ठेवला.

“असेल,” ती म्हणाली, आणि पिठाचा पुढचा गोळा परातीत घेतला.

त्या दिवशी सात मार्च होता. अकरा दिवसांनी त्यांच्या तेजलचा साखरपुडा होता. “पोरीचं होऊन जाऊ दे, तोवर हे या चार भिंतींबाहेर नको,” एवढं एकच ललिताने मागितलं होतं. तीन दिवसांनी मुलाच्या मामाचा फोन आला. हे दुखणं आईचं मुलीत उतरतं असं ऐकलंय, घरच्यांचं मन होत नाही, असं तो फार अदबीने म्हणाला. तेजल दोन दिवस खोलीबाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती आईच्या ऑपरेशनची पिशवी भरायला.

महिनाभराने पुतण्या सनी झुंबरचा फोन चाळत म्हणाला, “काका, तुम्ही ‘माझ्यासाठी हटवा’ दाबलंत. तुमच्यापुरता गेला. बाकी सत्तर जणांकडे तसाच आहे. आता निघत नसतो तो.”

झुंबरला ओट्यावर पालथा ठेवलेला तो फोन आठवला.

तेव्हाच सांगता आलं असतं. पण तो एकतीस वर्षं पोस्टमन होता. हरसूलकडे असताना, ज्यांना वाचता येत नसे त्यांची पत्रं तोच वाचून दाखवायचा. कुणाचा मुलगा घर सोडून गेला, कुणाच्या जावयाने दुसरी केली, सगळं त्याच्या कानावरून गेलं होतं, आणि त्यातलं अक्षर त्याने कधी ललितालाही सांगितलं नव्हतं. आपल्या हातून एकही टपाल चुकीच्या दारात पडलं नाही, हे तो लग्नाकार्यात चारचौघांत सांगायचा. त्या तोंडातून ‘माझ्याकडून चुकलं’ एवढे दोन शब्द निघेनात. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता ती गोष्ट शिळी झाली.

ललिता बरी झाली. पुढच्या वर्षी तेजलचं लग्न झालं, इगतपुरीला, रेल्वेत नोकरी असलेल्या बुद्धभूषणशी. मग दुखणं परतलं. झुंबरला ते कळलंच नाही. आठ महिने ललिता “चैतालीकडे पापडाला हात लावून येते” म्हणून निघायची आणि संध्याकाळी दमून परत यायची. एवढे पापड कोण खातं, असा प्रश्न झुंबरला पडला नाही. तिचे सगळे रिपोर्ट तिच्या फोनमध्ये कुलूप लावून ठेवलेले असत. कुलूप कसं लावायचं ते तिने चैतालीकडून शिकून घेतलं होतं. जिना चढवेना झाला, तेव्हा कुठे झुंबरला समजलं.

“मला का नाही सांगितलंस?” त्याने कॉटशेजारी बसून विचारलं.

“तुमचा फोन हॅक होतो ना,” ललिता म्हणाली आणि हसली.

तोही हसला. त्यानंतर ती पाच आठवडे होती.

ललिताच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं पांगली, भाड्याच्या खुर्च्या टेम्पोत गेल्या. चैताली मागे थांबली. चहाचे कप विसळून ती झुंबरसमोर येऊन बसली.

“काका, मावशीनं तुमच्या फोनवर एक फाइल पाठवलीय. महिना झाला.”

फाइल होती. उघडायला गेलं की पासवर्ड मागायची, म्हणून विम्याबिम्याचं काही असेल असं समजून त्याने ती सोडून दिली होती. चैतालीने समजावून सांगितलं. शेवटी शेवटी मावशीची एक रक्ताची तपासणी झाली होती. दोष जन्मापासूनचा निघाला. तो तेजलमध्येही असू शकतो. नसेलही. पण तिने तपासून घ्यायला हवं, लवकर, आणि सासरी त्याचा बोभाटा व्हायला नको.

“तूच पाठव ना, बाई,” झुंबर म्हणाला. “माझ्या हाताचं काही खरं नाही.”

“मावशीनं तुमचंच नाव घेतलंय. तेजलला तिचे पप्पाच देतील, म्हणाली.”

“आणि पासवर्ड?”

“तो मलाही सांगितला नाही. तारीख आहे, आठ आकडी. काका जी तारीख विसरणार नाहीत ती, एवढंच म्हणाली.”

झुंबरने लग्नाची तारीख घातली. उघडलं नाही. तेजलचा जन्म. नाही. चौदा ऑक्टोबर एकोणीसशे छप्पन्न, धम्मदीक्षेचा दिवस. तीही नाही.

“ती तर अख्खी कॉलनी लावेल,” चैताली डोळे पुसत हसली. “मावशी एवढं सोपं ठेवणार होय?”

झुंबरने फोन मांडीवर ठेवला. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. मग एक एक आकडा हळूहळू दाबला. शून्य, सात. शून्य, तीन. पुढचं साल.

फाइल उघडली. पहिल्या पानावर ललिताचं नाव होतं. त्याने लगेच मिटली. ते तेजलचं टपाल होतं.

“कोणती होती?” चैतालीने विचारलं.

“होती एक.”

ती जास्त खोदत बसली नाही. फाइल फोनवरून गेली तरी चालेल, पण पासवर्ड फोनवर लिहायचा नाही, समोर जाऊन तोंडी सांगायचा, असं तिने दोनदा बजावलं. तेजलचा फोन तिच्या घरात सगळ्यांच्या हातात असतो. झुंबरने मान डोलावली. यादीतलं तेजलचं नाव त्याने बोट ठेवून तीनदा वाचलं, शेजारचा तिचा फोटो मोठा करून बघितला, आणि मग पाठवलं. तेवढ्यानेही भागेना, म्हणून फोन लावला.

“काही आलं का तुझ्याकडे?”

“आलंय, पप्पा. उघडत नाही.”

“असू दे. उद्या येतो मी.”

इगतपुरीत दार तेजलच्या सासूने, कुसाबाईने उघडलं.

“या, या, व्याही! तुमच्या लेकीचा फोन म्हंजी आमच्या घरचा टीव्ही हाय. कालपासनं त्यात कायतरी आलंय तुमच्याकडून, पार उघडतच नाय. म्हणलं, काय खजिना हाय का काय!”

“पेन्शनचे कागद आहेत,” झुंबर म्हणाला. थाप सहज निघाली.

चहा झाला, जेवण झालं. निघताना तेजल त्याला सोडायला स्टँडपर्यंत आली. वाटेत त्याने सगळं सांगितलं, चैतालीने सांगितलं त्याच शब्दांत, काही न वगळता. तेजल खाली बघून चालत होती. स्टँडवर पोचल्यावर तिने विचारलं, “पासवर्ड?”

“शून्य सात, शून्य तीन, दोन हजार बावीस.”

तिने ओठांतल्या ओठांत ते म्हणून बघितलं. मग मान वर केली.

“सात मार्च. तुमचा फोन हॅक झाला तो दिवस ना, पप्पा?”

झुंबरने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“हो,” तो म्हणाला.

“आईनं हीच का ठेवली असेल?”

नाशिकची एसटी आत शिरली. माणसं दाराकडे धावली. “चढा, पप्पा, उभं राहावं लागेल नाहीतर,” म्हणत तेजलने त्याचा दंड धरून त्याला पुढे केलं. त्याला खिडकी मिळाली. गाडी वळेपर्यंत ती खाली उभी होती.

त्याच आठवड्यात तेजलने चैतालीच्या ओळखीने रक्त दिलं. रिपोर्ट यायला तीन आठवडे लागतात. आला की तो फक्त तुम्हाला पाठवीन, दुसऱ्या कुणाला नाही, असं तिने झुंबरला कळवलं आहे.

फोन हॅक झाला नव्हता, हे तिला सांगायचं अजून राहिलं आहे.