विमान येईपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी थंड पेटी आहे. आइस्क्रीमची नव्हे. माझ्यात गेलेलं माणूस ठेवतात. दूरच्या शहरातलं त्याचं लेकरू येईपर्यंत त्याला जपायचं, एवढंच माझं काम. घाबरू नका, मी कुणाचं वाईट केलेलं नाही.

कारखान्यात पत्रा वाकवून, पोटात तांब्याची नळी फिरवून, वर काच बसवून मला घडवलं. माझ्या पाठीला एक जाळी आहे, तिच्यातूनच माझ्या पोटातली उष्णता बाहेर जाते. "ही दर महिन्याला झाडायची हं," असं मिस्त्रीने मला विकत घेऊन भाड्याने देणाऱ्या पेटीवाल्याला बजावलं होतं. पण नव्याचे नऊ दिवस! गिऱ्हाइकं वाढली आणि ब्रश कुठे गेला कोण जाणे. लोक मात्र म्हणायचे, "चेहरा अगदी झोपल्यासारखा राहिला हो." तेवढ्यावर मी खूश असे.

कोणतं शहर किती लांब, हे घरोघरी ऐकून मला पाठ झालं. लोक एक चूक हमखास करतात. विमानाचे तास तेवढे मोजतात. विमानतळापर्यंतचा रस्ता, मधल्या शहरातलं ताटकळणं, सामानाची रांग कुणी हिशेबात धरत नाही.

एका घरातही तेच झालं. शिवणकाम करणाऱ्या बाई गेल्या होत्या. मशीनवर अर्धवट शिवलेली उशीची खोळ तशीच होती. त्यांचे यजमान, निवृत्त पोस्टमन, म्हणाले, "मुलगा निघालाय. तेरा तासांचं विमान. उद्या सकाळी दारात हजर."

"भावजी, ते आकाशातले तास झाले. खालचे कोण मोजणार?" बाईंची धाकटी बहीण म्हणाली.

"येईल गं. आईचा चेहरा तरी दिसू दे त्याला."

सकाळी मुलगा मधल्याच शहरात अडकला होता. पुढचं विमान उशिरा सुटणार होतं. दुपारी मला धाप लागली. मी घरघरले आणि माझी काच आतून घामेजली. धावत आलेल्या पेटीवाल्याने जाळीतून लोकरीसारखी धूळ ओढून काढली आणि मान खाली घातली. मी पुन्हा थंड झालेच नाही. मला फार वाईट वाटलं.

पोस्टमननी एकदा काचेतून पाहिलं. "झाका आता," ते म्हणाले. "तिला नीटनेटकं राहायची हौस होती. तिला असं कुणी बघायला नको." बहिणीने बाईंनीच शिवलेली चादर तोंडावर ओढली.

मुलगा संध्याकाळी आला. खांद्यावरची बॅग न उतरवताच त्याने काचेवर हात ठेवला.

"बाबा, एकदाच बघू द्या ना."

"नको रे बाळा. आठवतेय तशीच राहू दे."

"मलाच उशीर झाला."

"नाही रे. ती आजारी होती तेव्हा तू तिकीट काढत होतास. एवढ्या लांबून कशाला येतोस, असं मीच म्हणालो." एवढं बोलून म्हातारा माणूस माझ्या कडेला बसला आणि हुंदके देऊ लागला.

मित्रांनो, हल्ली मी गोदामात गंजत पडले आहे. माझ्यासारख्यांची जाळी वेळच्या वेळी झाडा, एवढंच तुमच्याकडे मागणार होते. पण त्या दिवसापासून आणखी एक मागावंसं वाटतं. घरात कुणी आजारी असेल आणि दूरचं माणूस "येऊ का?" म्हणून विचारत असेल, तर त्याला "ये" म्हणा. त्या मुलाला आधी बोलावलं असतं, तरी प्रवास तेवढाच होता. फक्त दार आईने उघडलं असतं.