सत्काराचा व्हिडिओ

जानरावांनी मोबाइल तांब्याला टेकवून उभा केला आणि आवाज होता तेवढा वाढवला. इंजिनाशेजारी बसून उभा जन्म एसटी चालवली, त्यात त्यांचा डावा कान कधीच गेला होता.

"पाह्य देवानंद, आता माही पोरगी बोलते."

देवानंद त्यांचा जुना कंडक्टर. हा व्हिडिओ त्याला तोंडपाठ होता, पण जोडीदाराचं मन मोडवेना म्हणून तो पुन्हा बसला.

आतल्या खोलीत धम्मशीला उघड्या बॅगेसमोर नुसतीच बसून होती. कालच ती दिल्लीहून हरून आली होती. विमानाच्या इंजिनाचा आवाज अडवणारं हलकं पॅनेल तिनं चांगली नोकरी सोडून, भाड्याच्या शेडमध्ये बनवलं. पेटंट नाकारलं गेलं, म्हणून ती अपिलात गेली. तिथंही तेच: यात नवं काही नाही, हे कुणालाही सहज सुचलं असतं. आता उद्या एखाद्या बड्या कंपनीनं तेच पॅनेल विकायला काढलं, तरी तिला हात चोळत बघावं लागणार होतं.

बाहेर तिचाच आवाज घुमला. गच्च भरलेलं समाजमंदिर, गळ्यात हार, हातात दोन गोधड्या.

"एका गोधडीनं आवाज थांबत नाही. दोन घ्या, मधात हवा ठेवा, आन वरच्या गोधडीले बारीक बारीक छिद्रं पाडा..."

आधीच जगजाहीर झालेल्या गोष्टीला पेटंट मिळत नाही, तेव्हा अर्ज दाखल होईपर्यंत कुठं अवाक्षर काढू नका, असं तिच्या वकिलानं बजावलं होतं. पण सत्काराच्या मंचावर जानराव माइक पुढं करत म्हणाले होते, "आपल्याच लोकायले सांगाले काय भेव हाय?" फेटा बांधून बसलेल्या बापाला तिला नाही म्हणवलं नाही. त्याच रात्री कुणीतरी कौतुकानं तो व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. अर्ज गेला त्यानंतर.

कोर्टात पेटंट ऑफिसच्या वकिलानं हाच व्हिडिओ लावला. एवढं पाहिल्यावर उरलेलं कुणीही इंजिनिअर करेल, असं तो म्हणाला. तिची बोली ऐकून मागे कुणीतरी हसलंही. तिला बापाचा राग आला होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

"समजलं वो ताई!" व्हिडिओत कुणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या. देवानंदनंही दोन टाळ्या वाजवल्या.

"शीला," जानरावांनी हाक मारली, "कोर्टवाले नुसते कागदंच पाह्यतात. हा व्हिडिओ दाखवला असता तं झटक्यात समजलं असतं त्यायले. तुले सुचलं नाही काय?"

ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली. बाप उजवा कान तिच्याकडे करून वाट पाहत होता.

"पाह्यला त्यायनं, बाबा."

"मंग? समजलं नाही?"

"समजलं," ती म्हणाली. "लगेच समजलं."

"मंग त्यायच्यातच खोट हाय," जानराव म्हणाले आणि त्यांनी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.