भिंतीतला जोड

रंगारी हट्टी आहे हे त्याच्या बायकोला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. तो लबाडही आहे हे कळायला मात्र एकतीस वर्षं लागली. त्या सकाळी ती त्याचा पुट्टीचा जुना डबा घासायला बसली आणि तळाशी त्याच्या हृदयाच्या गोळ्या निघाल्या, तोंडात ओल्या होऊन पुन्हा वाळलेल्या. एकवीस. रोज ती स्वतःच्या हाताने गोळी द्यायची, तो वर पाणी प्यायचा, आणि ती निर्धास्त व्हायची.

गोळ्या सुरू करताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की ठोके ताळ्यावर येतील, पण कातडीला ऊन सोसणार नाही. बाहेरच्या भिंती रंगवणाऱ्याने ऊन टाळायचं म्हणजे माशाने पाणी टाळायचं. महिन्याभरात त्याचे हात आणि तोंड भाजून सोलून निघाले, पुढे वर्षभरात नाकाशेजारी निळसर काळे डाग पडले. टोपी झाली, लांब बाह्या झाल्या, मलमं झाली. लोक त्याच्यासमोर पाण्याचा पेला लांबूनच ठेवू लागले. तेव्हा या शहाण्याने ठरवलं, ऊन सुटत नाही, तर गोळी सोडू.

बायको डबा घेऊन तशीच दवाखान्यात धावली.

"हे औषध अंगात मुरतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बंद केलं तरी कातडी कित्येक महिने भाजतच राहणार. आणि ठोके केव्हा बिघडतील याचा नेम नाही. त्यांना आत्ता घेऊन या."

तो एका दुमजली घराची दिवसभर उन्हात असणारी भिंत रंगवत होता. अर्धी झाली होती. तिने त्याला खाली बोलावलं, डबा दाखवला आणि डॉक्टरीणबाईंचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. तो सोललेल्या हातांकडे बघत राहिला.

"म्हणजे तेलही गेलं, तूपही गेलं," तो म्हणाला आणि हसला. तिला ते हसणं बघवेना.

"चला."

"अगं, भिंत अर्धी आहे. रंग उन्हात भराभर सुकतो. आता सोडली तर मधोमध जोड दिसेल, जन्मभर."

हे तो आयुष्यभर सांगत आला होता. तापात, पायाला खिळा घुसलेला असताना, एकदा तर सासऱ्याच्या मरणाचा निरोप आला तेव्हाही. एकही भिंत त्याने अर्धी सोडली नव्हती, आणि तिलाही त्याचा अभिमानच होता. आज त्या अभिमानाची तिला चीड आली.

तो शिडी चढू लागला. त्याला ओढून खाली आणण्याएवढी ताकद तिच्यात नव्हती, म्हणून तिने शिडी धरली. पाचव्या पायरीवर तो थांबला. एका हाताने त्याने शर्ट छातीशी मुठीत धरला.

"धडधडतंय गं," तो वर बघतच म्हणाला. "थांबतंय, पुन्हा पळतंय."

"अहो, खाली या."

"जोड दिसेल."

"दिसू दे," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "दिसू दे तो जोड. मी रोज इथे येऊन बघत बसेन. तुम्ही खाली या."

तो ना वर गेला, ना खाली आला. त्याच्या डोक्याच्या वर रंगाची ओली कड उन्हात सुकत होती.