काचेच्या कपाटातलं क्रियापदांचं चाक

मी एक जुनं चाक आहे मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, मी चिडलेलो आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या छत्र्या, घड्याळं, खुर्च्या सगळ्या कशा गोड बोलतात. ज्याला वर्षानुवर्षं काचेच्या कपाटात कोंडून ठेवलंय, त्यानं कशाला गोड बोलायचं? मला ते जमणार नाही. ऐकायचं असेल तर ऐका.

मी गाडीचं चाक नाही. मी इंग्रजी क्रियापदांचं चाक आहे. अणदूरच्या अलीकडे एक फाटा लागतो, त्या फाट्यावरून आत गेलं की आमचं गाव, आणि गावातल्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीत माझं कपाट. मला घडवलं महालिंगप्पा गुरुजींनी. त्यांच्या मोडलेल्या सायकलची रिम त्यांनी घेतली, तेलाच्या डब्याचा पत्रा कापून तीन चकत्या केल्या आणि त्या एकात एक बसवल्या. सगळ्यांत मोठ्या चकतीवर मी, तू, तो, ती, आम्ही, ते असे सगळे इंग्रजीतून लिहिले. मधल्या चकतीवर क्रियापदं. ईट, ड्रिंक, रन, जंप, ओपन, ब्रेक, अशी पुष्कळ. आणि सगळ्यांत आतल्या लहान चकतीवर आज, काल, उद्या. वर एक पत्र्याचा लाल काटा. चकत्या फिरवायच्या, काट्याखाली काय येतंय ते बघायचं.

आता तुम्ही म्हणाल, मग येईल ते वाचायचं, एवढंच ना? छे! वाचायचं नाही. आधी करायचं. काट्याखाली ड्रिंक आलं की उठून माठातलं पाणी प्यायचं आणि मग सांगायचं, आय ड्रिंक वॉटर. प्यायल्याशिवाय बोलायचं नाही, हा गुरुजींचा नियम. दुसऱ्यानं पाणी प्यालं की त्याच्याकडे बोट दाखवून म्हणायचं, ही ड्रिंक्स. शेवटचा तो 'स' विसरला तर वर्ग एका सुरात "शेपूट, शेपूट!" म्हणून ओरडायचा.

गुरुजींच्या घरी कन्नड बोलायचे. मराठी ते शाळेत आल्यावर शिकले. ते पोरांना सांगायचे, "मला मराठी कुणी पाठ करून घेतली न्हाई रे. पाणी आण म्हणले, आणलं. दार लाव म्हणले, लावलं. तसंच करत करत आली. मग इंग्रजीलाच काय धाड भरली?"

काय दिवस होते ते! जंप आलं की अख्खा वर्ग उड्या मारायचा आणि शेजारच्या वर्गाचे सर येऊन दारात उभे राहायचे. रन आलं की पोरं पटांगणाला फेरी मारून घामाघूम होऊन परत यायची आणि धापा टाकत सांगायची, वुई रॅन. एकदा व्यंकट नावाच्या वांड पोरानं बाजाराच्या दुसऱ्या दिवशी छाती फुगवून सांगितलं, "आय गोएड टु अणदूर!" पोरं फिदीफिदी हसली. गुरुजी मात्र म्हणाले, "हसू नका. बाकीची क्रियापदं जशी वागतात तसंच त्यानं ह्याला वागवलं. डोकं चाललंय त्याचं. पर हे बेणं जरा हट्टी हाय. काल म्हणलं की ह्याचं वेन्ट होतं." व्यंकट पुन्हा बाजारात जाऊन आल्यावर दारातूनच ओरडला, "आय वेन्ट!" त्या पोराला कुणी मारलं नाही, काही पाठ करायला लावलं नाही.

माझा पत्रा पोरांच्या हातांनी गुळगुळीत झाला होता. रंग उडाला की गुरुजी पुन्हा द्यायचे. एकदा काटा निखळला, तर त्यांनी खिळा ठोकून लगेच बसवला आणि तास पुढं चालू केला. कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

मग धाराशिवला शैक्षणिक साहित्याचं प्रदर्शन भरलं, त्यात माझा नंबर आला आणि माझं वाटोळं झालं.

ढाल मिळाली, हार मिळाला, पेपरात फोटो आला. त्याच वर्षी गुरुजींची कळंबकडं बदली झाली. आमचे मुख्याध्यापक राजशेखर सर. माणूस वाईट नाही. शाळेवर जीव आहे त्यांचा. गळक्या पत्र्यांवर ते स्वतः चढलेत. पण बक्षीस आणलेलं चाक पोरांच्या हातात कसं द्यायचं, हा घोर त्यांना लागला. त्यांनी मला नवा रंग दिला, वरून प्लास्टिक गुंडाळलं, काचेच्या कपाटात ढालीशेजारी बसवलं आणि कपाटाला कुलूप लावलं. वर चिठ्ठी चिकटवली, 'हात लावू नये.' अहो, मी हात लावायलाच जन्मलो होतो! चुलीला 'पेटवू नये' अशी पाटी लावतात का कुठं?

आणि भिंतीपलीकडे काय चालायचं, तर माझीच क्रियापदं पोरं पाढ्यांसारखी म्हणायची. गो वेन्ट गॉन, ईट एट ईटन, ब्रेक ब्रोक ब्रोकन. डोळे मिटून, पुढं-मागं डुलत. कशाला म्हणतोय, कुणाला सांगायचंय, कुणालाच पत्ता नाही. आत बसून माझा संताप संताप व्हायचा.

मला बाहेर काढायचे ते साहेब आले की. साहेब येण्याआधी प्लास्टिक काढायचं, पुसायचं, वर्गात टेबलावर ठेवायचं आणि साहेब गेले की परत कपाटात. अशाच एका भेटीच्या वेळी सरांनी पाचवीतल्या शिवांजलीला माझ्याजवळ उभं केलं. दोन वेण्या, हनुवटीवर जुनी खूण, घरी कन्नड बोलणारी मुलगी. सर म्हणाले, "हात ठेव चाकावर. फिरवू नकोस, नुसता ठेव. हां, हस आता." तिची बोटं माझ्या कडेला लागली आणि तिनं हळूच मला ढकलायला सुरुवात केली. किती दिवसांनी कुणीतरी ढकलत होतं मला! तेवढ्यात सर ओरडले, "अगं, फोटो हलंल!" तिनं हात मागं घेतला. तो फोटो 'कृतीतून इंग्रजी शिकताना आमची विद्यार्थिनी' असं लिहून सगळ्या ग्रुपांवर गेला. कृती काय, तर उभं राहणं. शरम वाटली पाहिजे होती, पण वाटली ती मला.

तो फोटो शिवांजलीच्या वडिलांनी पाहिला. चन्नबसप्पा त्यांचं नाव. अणदूरला खंडोबाच्या देवळाजवळ त्यांचं भंडारा-खोबऱ्याचं दुकान आहे. माणूस हरखून गेला. गिऱ्हाईकाला भंडाऱ्याची पुडी बांधता बांधता मोबाइल दाखवायचा, "आमची पोरगी. इंग्रजी शिकतीया." पुढं काय झालं ते मला कळलं, कारण एके दिवशी ते शिवांजलीला घेऊन थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत आले आणि माझ्यासमोरच बोलले.

"सर, पोरीचा दाखला द्या."

"अहो, मधेच? का?"

"हैद्राबादचं एक कुटुंब दर्शनाला आल्तं. त्यांच्या बारक्या पोरानं हिला इंग्रजीत इचारलं, आज काय खाल्लं म्हणून. एवढंच. आन् ही खांबावाणी हुबी. म्या दुकानात सगळ्या गावाला फोटो दाखवलेला. माझं तोंड कुठं लपवू सांगा. आता तिला इंग्लिश शाळंत घालणार. ते म्हणत्यात, हिला तिसरीत बसवू."

शिवांजली पाचवीत. वर्गात पहिल्या बाकावर बसणारी. तिसरीत तिचा चुलतभाऊ होता, तो तिला अजून नाकातला शेंबूड पुसायला लावायचा. तिचं तोंड एवढंसं झालं. "अप्पा, मला तिसरीत न्हाय बसायचं," ती म्हणाली. "मी मोठी हाय."

राजशेखर सरांनी घाईघाईनं किल्ली काढली आणि कपाट उघडलं. "हे बघा, जिल्ह्यात नंबर आलेलं साहित्य आहे आपल्याकडं. असं कुठल्या इंग्लिश शाळेत नाही."

चन्नबसप्पांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग फिरवून दावा की, पोरीला काय येतंय ते. स्वतःच्या मनानं एक वाक्य इंग्रजीत बोलली, घोकलेलं न्हाय, तर दाखला ऱ्हाऊ द्या. चाललो म्या."

मित्रांनो, एक वाक्य! माझ्यावर शेकड्यांनी आहेत! शिवांजली पुढं झाली. तिनं प्लास्टिक काढलं, दोन्ही हात लावले आणि जोर केला. मी हललो नाही. कसा हलेन? इतकी वर्षं तेलाचा थेंब नाही की कुणी फिरवलं नाही. माझी चकती चकतीला गंजून चिकटली होती. मी आतल्या आत ओरडत होतो, ढकल, पोरी, ढकल! तिनं ओठ दाबले, पाय रोवले आणि सगळा भार टाकला. करकर करत मी फिरलो. फिरलो मी! आणि टणकन लाल काटा निखळून टेबलाखाली गेला.

"अगं मोडलंस की!" सर गुडघ्यांवर बसून काटा शोधायला लागले. "पुढच्या महिन्यात परत प्रदर्शन आहे. काय ठेवू मी तिथं आता?"

शिवांजली पळाली नाही. काटा टेबलाखालून घसरत तिच्याच पायाशी आला होता. तिनं तो उचलला, हातात धरून बघितला आणि सावकाश बोलली, "सर, आय ब्रेक..." मग थांबली. तिच्या मनात तो पाढा सरकताना मला दिसत होता. इतकी वर्षं तो नुसता तोंडात होता. "आय ब्रोक इट, सर. आय ब्रोक इट."

अहो, बोलली ती! स्वतः केलं आणि स्वतः सांगितलं, अगदी गुरुजींच्या नियमानं!

आणि सर टेबलाखालून काय म्हणाले, माहितीय? "ते इंग्रजी राहू दे बाजूला! आधी सांग, कशाला एवढा जोर लावलास?"

चन्नबसप्पा म्हणाले, "सर, पोरगी इंग्रजीत बोलली की हो. जल्मात पहिल्यांदा. आन् तुमी तिला गप करताव? आता तर दाखला द्याच."

सर उठले, अंगावरची धूळ झटकली, पुष्कळ समजावलं. चन्नबसप्पा ऐकेनात. मी त्यांच्यावरही चिडलोय. अहो, बोलली ती इथंच ना? मग इथूनच का नेताय तिला? पण माझं कोण ऐकतो! दाखला झाला, सही झाली, शिक्का बसला. शिवांजलीनं काटा टेबलावर ठेवला आणि वडिलांच्या मागं निघाली. दारातून तिनं एकदा वळून बघितलं, सरांकडं नाही, माझ्याकडं.

दुसऱ्याच दिवशी सरांनी नवा काटा बसवला. आधीच्यापेक्षा सुरेख. मला पुन्हा रंग दिला. प्रदर्शनात या वेळी पहिला नंबर आला. आता कपाटात दोन ढाली आहेत.

शिवांजली रोज सकाळी समोरच्या रस्त्यावरून पिवळ्या व्हॅनमधून जाते. तिच्या मांडीवर दोन बारकी पोरं बसलेली असतात, तिच्याच वर्गातली.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत असं एखादं कपाट असेल. त्यात पृथ्वीचा गोल असेल, सूक्ष्मदर्शक असेल, माझ्यासारखं एखादं चाक असेल. उद्या शाळेत गेलात की सरळ मुख्याध्यापकांकडं जा आणि किल्ली मागा. हळू आवाजात नको, हक्कानं मागा. ते म्हणतील, मोडाल. त्यांना सांगा, मोडलं तर आम्ही खिळा ठोकून बसवू. नाही म्हणाले तर परवा पुन्हा जा. तुमच्यातल्या कुणाला दोन वर्षं खाली बसवायच्या आत जा.