पिवळ्या रंगाचा अर्धा डबा

आमच्या लेस्ना गावाच्या झऱ्यात लोखंड किती, ते विचारू नका. आमच्या लोहाराची शेळी महिनाभर ते पाणी प्यायली आणि एके दिवशी त्याच्या लोहचुंबकाला जाऊन चिकटली. सोडवायला चार माणसं लागली. त्या चौघांतला एक मी. तेव्हा माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं, पण आजची गोष्ट त्या शेळीइतकीच खरी आहे.

मी चेनेक वोंद्रा. स्लावकोव्हच्या जंगलातल्या वाटांवर खुणा रंगवायचं काम मी एकतीस वर्षं केलं. झाडाच्या खोडावर तीन पट्टे. वर पांढरा, खाली पांढरा, मधला त्या वाटेच्या रंगाचा. बाकी देशात रंगावरून एवढंच कळतं की ही वाट कुठली. लेस्नात मात्र रंग म्हणजे डॉक्टरांचा हुकूम. कारखान्यांनी उपचाराला पाठवलेली माणसं आमच्याकडे तीन आठवडे राहत, झऱ्याचं पाणी पीत, आणि मोठे डॉक्टर ह्विझ्दाल प्रत्येकाच्या कार्डावर रंग लिहून देत. लाल म्हणजे सोकोल्निक गडाची उभी चढण, ती धडधाकटांना. निळी मधल्यांना. पिवळी तळ्याभोवतीची, ताटासारखी सपाट, ती हृदयाच्या रोग्यांना. आणि आमची माणसं अशी, की समोर दरी दिसत असली तरी खोडावर आपला रंग असेल तर पाऊल पुढे टाकतील. डोळे फसवतात, पट्टा फसवत नाही, अशी श्रद्धा.

त्या वर्षी ऑक्टोबरात झ्दिस्लावा कुबेलकोवा आली. प्ल्झेन शहरात ट्राम चालवायची. वय चाळिशीचं, अंगाने काटक, आणि एका जागी उभं राहणं तिला माहीतच नव्हतं. झऱ्यापाशी खांबांची लांब ओसरी आहे. तिथे लोक हातात चोचीचे कप घेऊन, चोचीतून घोट घोट पाणी ओढत, गोगलगायीसारखे फिरतात. ही बाई तीन घोटांत कप रिकामा करायची आणि ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सणसणत जायची. पुढे कोणी हळू चालत असला की तिची उजवी टाच फरशीवर आपटायची, टक टक. ट्रामची घंटा पायाने वाजवायची सवय.

"बाई, ते पाणी सावकाश प्यायचं असतं," मी एकदा म्हटलं.

"सावकाश प्यायलं तर काय होतं?"

"चव कळते."

"म्हणूनच लवकर पिते." तिने माझ्या कोटावरचे रंगाचे डाग पाहिले. "झाडांना पट्टे मारणारे ते तुम्हीच ना? सांगा बरं रंगारी, तुमची पिवळी वाट जाते कुठे?"

"तळ्याला वळसा घालते आणि परत इथेच येते."

"वा! एकोणीस वर्षं मी तेच करतेय. शेवटच्या थांब्याला वळसा, परत पहिला थांबा. त्यातून सुटका म्हणून इथे पाठवलं, तर इथेही तेच."

मग चालता चालताच तिने सांगितलं. माझी तिच्या मागे धावताना दमछाक होत होती. उन्हाळ्यात गाडी चालवताना तिच्या छातीत एकदा कळ आली. पुढच्या थांब्यापर्यंत गाडी तिने नीट नेली, कोणाला काही झालं नाही. पण आता शुक्रवारी डॉक्टर ह्विझ्दाल तिचं पत्र लिहिणार होते. गाडी परत हातात द्यायची, की डेपोत खुर्चीवर बसवून लोकांच्या विसरलेल्या छत्र्यांना चिठ्ठ्या बांधायला लावायचं.

"डॉक्टर मला खुर्चीत बसवून नाडी बघतात," ती म्हणाली. "खुर्चीत कोणाचीही नाडी शहाणी असते. मला ती चढावर बघायचीय. तुटायची असेल तर इथे तुटू दे, मागे एकशे वीस माणसं बसलेली असताना नको. आणि टिकली, तर निदान मला तरी कळेल. मग छत्र्या त्यांनी स्वतः बांधाव्यात."

"मग जा की लाल वाटेने. सोकोल्निक दीड तासावर आहे. कोण बघतंय?"

ती थांबली. तेवढी एकदाच थांबलेली पाहिली मी तिला त्या ओसरीवर.

"कार्डावर सही केलीय मी. पिवळी सोडून पाऊल टाकणार नाही म्हणून. रंगारी, मी रूळ सोडून गाडी चालवत नाही."

हे झालं बुधवारी. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बसलो की उठावंसं वाटे, उठलो की कुठे जायचं ते कळेना. माणूस रूळ सोडत नसेल तर काय करायचं? एकच उपाय. रूळ हलवायचे.

गुरुवारी उजाडायच्या आत पिवळ्या रंगाचा डबा घेऊन मी लाल वाटेला लागलो. एकशे चौदा झाडं. प्रत्येकावर मधला लाल पट्टा पिवळा करत गडाच्या दारापर्यंत गेलो आणि धावत खाली आलो. तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या दिवशी माझा कुंचला इतका भरभर चालत होता की एक खार दोनदा रंगली. तळ्याकडे जाणारा फाटा फुटतो तिथल्या ओंडक्यावर एक ठळक पिवळा बाण काढला, गडाकडे तोंड करून. बेत साधा होता. ती साडेसातला निघेल, मी मागून टर्पेंटाइनचा बोळा फिरवत जाईन, ओला पिवळा पुसला की खालचा लाल परत वर. बाकीचे रोगी दहाचं पाणी पिऊन बाहेर पडतात, तोवर सगळं जिथल्या तिथे.

ती आली, बाण पाहिला आणि वर वळली. मी पहिल्या झाडावर बोळा टेकवतोय, तोवर ती तिसऱ्या वळणावर. आता पुसत बसावं, की तिच्यामागे जावं? ती वर एकटी कोसळली तर? मी बोळा खिशात कोंबला आणि धावलो.

त्या चढावर देवदार इतके दाट की सकाळीसुद्धा संध्याकाळच वाटते. वाऱ्याने वरचे शेंडे हलत होते, खाली मात्र पान हलत नव्हतं. ती पुढे, मी मागे. तिच्या श्वासाची शिट्टी मला ऐकू येत होती आणि प्रत्येक शिट्टीला माझ्याच छातीत कळ येत होती. दोन तृतीयांश चढ झाला असेल. ती एकदम थांबली आणि एका खोडावर हात टेकून वाकली.

"बाई?"

तिने हात वर केला. थांबा. मी मनात आकडे मोजत उभा राहिलो. साठापर्यंत आलो तेव्हा तिने मान वर केली. चेहरा लाल, डोळे चमकत होते. मग तिने आपला तळवा पाहिला. पिवळाधमक.

"ओला आहे," ती म्हणाली.

"दव आहे."

"दव पिवळं असतं?"

"आमच्याकडे असतं. लोखंडामुळे."

तिने तळव्याकडे पाहिलं, माझ्या पिवळ्या बाह्यांकडे पाहिलं, मग वर खोडाखोडावर चमकणाऱ्या पट्ट्यांकडे.

"कार्डावर लिहिलंय पिवळी," ती म्हणाली. "आणि ही पिवळीच आहे. चला."

नऊच्या सुमारास आम्ही सोकोल्निकच्या पडक्या बुरुजाखाली होतो. तिने आपल्या छोट्या वहीत गडाचा शिक्का मारून घेतला, आमच्याकडे प्रत्येक गडावर दाराशी पेटीत ठेवलेला असतो तो. आणि मग ती बसेल असं वाटलं होतं, तर ती बुरुजावर चढली.

"अगं, आता तरी टेक!" अगं-तुगं कधी झालं मला कळलंच नाही.

"तो समोरच्या डोंगरावर आणखी एक गड दिसतोय, तिकडे कोणता रंग जातो?"

मी उत्तर देणार तेवढ्यात खालून जंगलातून आवाज आला. पोस्टातून निवृत्त झालेले प्रोकोप, पाच महिन्यांच्या गरोदर बाईएवढं पोट, झाडीतून बाहेर पडले. हातात चोचीचा कप.

"अरे चेनेक!" ते धापा टाकत ओरडले. "आज तळं कुठे गेलं रे?"

"तुम्ही दहाच्या आधी कसे आलात?"

"आज झऱ्याची टाकी धुतायत, पाणी मिळालं नाही. म्हटलं आधी फिरून घेऊ."

"अहो, पण चढ लागला नाही का तुम्हाला?"

"लागला की! पण पिवळी म्हणजे सपाट. म्हटलं मलाच चढ वाटतोय, नव्या गोळ्यांनी चक्कर येत असेल."

त्यांच्यामागून दुसरा आला, मग तिसरी, मग दोन बहिणी एकमेकींना ढकलत. अकरा माणसं. सगळी हृदयाची. सगळी पिवळी. कोणी दगडावर बसलं, कोणी गवतावर आडवं झालं. एक बहीण दुसरीला म्हणत होती, "तुला म्हटलं नव्हतं, तळ्याला इतक्या पायऱ्या नसतात?" आणि दुसरी, "पट्टा होता ना? मग गप्प बस."

 यातला एक जरी इथे दगावला असता तर मी उरलेल्या आयुष्यात कुंचला काय, चमचासुद्धा हातात धरला नसता. झ्दिस्लावा बुरुजावरून खाली उतरली आणि एकेकाची नाडी धरत फिरू लागली. मनगटावरच्या ट्रामवाल्या घड्याळावर नजर, टाच टक टक. "तुम्ही आडवे राहा. तुम्ही पाय वर घ्या. प्रोकोपसाहेब, तो कप खाली ठेवा, त्यात काही नाहीये."

तेवढ्यात झाडीतून बारावा आला. टोपी डोळ्यांवर ओढलेली, मफलर नाकापर्यंत. दोन पावलं, थांबा. दोन पावलं, थांबा. टोपी वाऱ्याने उडाली, आणि सगळ्यांनी ओळखलं.

डॉक्टर ह्विझ्दाल! रोज न्याहारीआधी लाल वाट चढून येतो असं दर सोमवारी सभागृहात सांगणारे डॉक्टर ह्विझ्दाल. आणि हातात, अगदी बाकीच्यांसारखाच, चोचीचा कप.

"हे... हे कोणी केलं?" त्यांना एवढंच बोलता आलं. मग ते माझ्याकडे वळले. "वोंद्रा! तुझा कुंचला... आज संध्याकाळी... माझ्या टेबलावर. आणि या बाईंना... दुपारच्या गाडीने... घरी!"

 प्रोकोप आडवे पडल्या पडल्या म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आपण पिवळ्यावर कसे?"

"तपासणीला."

"रोज?"

डॉक्टरांना एकदम बसावं लागलं. झ्दिस्लावाने त्यांचं मनगट धरलं. घड्याळ पाहिलं.

"एकशे चव्वेचाळीस," ती म्हणाली. "आणि मध्येच एक ठोका गाळतेय. कधीपासून?"

"तीन वर्षं," डॉक्टर हळूच म्हणाले. मनगटावर तिच्या बोटांचे चार पिवळे ठसे उमटले होते, ते बघत राहिले. "कोणाला सांगितलं नाही. हृदयाच्या डॉक्टरचंच हृदय... कोण येईल माझ्याकडे?"

"आता माझी बघा," ती म्हणाली आणि हात पुढे केला.

त्यांनी पाहिली. पुन्हा पाहिली. तिला बुरुजावर चढून उतरायला लावलं आणि पुन्हा पाहिली. जंगलात कुठेतरी सुतारपक्षी खोड ठोकत होता, त्याचाही मला राग येत होता.

"शंभराच्या आत," डॉक्टर म्हणाले. "एकही ठोका गळत नाही. बाई, तुमचं हृदय या टेकडीपेक्षा धट्टंकट्टं आहे."

"मग लिहा."

"इथे?"

"खाली जाऊन तुम्ही परत डॉक्टर व्हाल," ती म्हणाली. "इथे आहात तोवर लिहा."

प्रोकोप हसले, मग बहिणी, मग सगळे, आणि डॉक्टरांनाही हसू आलं. त्यांनी खिशातून कागद काढून गुडघ्यावर लिहिलं, ट्राम चालवण्यास हरकत नाही. मग बाराही जण दर शंभर पावलांनी बसत, डॉक्टर पुढे, असे दुपारपर्यंत खाली पोचले. कोणाला काही झालं नाही. उलट प्रोकोप त्यानंतर बावीस वर्षं जगले आणि गेले तेही विहिणीच्या हातचे बटाट्याचे गोळे जास्त झाले म्हणून. माझा कुंचला माझ्याकडेच राहिला. अट एकच, संध्याकाळपर्यंत वाट लाल झाली पाहिजे.

ती मी लाल केली. शनिवारी झ्दिस्लावा गाडीने गेली. आणि माझ्याकडे पिवळ्या रंगाचा अर्धा डबा उरला.

आता उरलेल्या रंगाचं काय करायचं असतं? झाकण लावून ठेवायचं असतं. चार दिवस मी तो ठेवला. फळीवर ठेवला, फळीखाली ठेवला. झोपायला गेलो की डबा दिसे. पाचव्या दिवशी लेस्नाच्या स्टेशनमागच्या बर्च झाडावर मी एक पिवळी खूण केली. मग पुढच्या झाडावर. मग जंगल संपलं, तर शेताच्या बांधावरच्या नासपतीवर. मग पुलाच्या कठड्यावर. एका गावाबाहेर धुक्यात एक पट्टा झोपलेल्या गायीवर मारला गेला. ती गाय दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावाला विकली गेली, त्यामुळे काही मंडळी अजून सापडलेली नाहीत असं म्हणतात. सत्तर किलोमीटर. अर्धा डबा कसा पुरला, हे मला विचारू नका, शेळीला विचारा.

शेवटचा पट्टा प्ल्झेनमध्ये, चार नंबरच्या ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर, जिथे ट्राम वळसा घालते तिथल्या खांबावर. मी तो पुरा करत होतो, एवढ्यात मागे घंटा झाली. टक टक.

दार उघडलं. ती आपल्या जागेवरून खाली वाकली, पट्ट्याला बोट लावलं आणि बोट बघितलं.

"ओला आहे."

"दव आहे," मी म्हणालो.

"मग चढा लवकर, रंगारी. मागे एकशे वीस माणसं खोळंबलीत."