पिंपात पाणी किती?

बजबजच्या तेलडेपोत टाक्यांतलं तेल मोजण्यात दिगंबरपंतांची हयात गेली होती. त्यामुळे बेहाला उपनगरातल्या घरी त्यांच्या मुलीला, शकुनला बघायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला पोह्यांआधी एक गणित सोडवावं लागे: मोरीतल्या पिंपात पाणी किती? बावीस सप्तमांश, त्रिज्येचा वर्ग आणि उंची यांचा गुणाकार. सूत्रात किमती घालायच्या आणि गॅलन सांगायचे. "सूत्र कुणीही पाठ करतं, किंमत बरोबर घालता आली पाहिजे," असं पंत वर बजावत.

आधीच्या तिघांनी पिंप बाहेरून मोजून एकोणसाठ गॅलन सांगितले. पंतांच्या वहीतही तेच उत्तर होतं. पंतांना तिघंही पसंत पडले. शकुनने तिघांनाही नकार दिला आणि कारण सांगितलं नाही.

चौथा आला मनोहर. त्याने व्यास मोजून निम्मा केला, मग झाकण काढून टेप आत सोडली.

"पाण्याची उंची शून्य," तो म्हणाला. "म्हणजे उत्तरही शून्य."

पंतांनी डोकावून पाहिलं. पिंप कोरडंठाक होतं.

"मागच्या तिघांच्या वेळीही मी ते रिकामंच करून ठेवलं होतं, बाबा," शकुन म्हणाली आणि पोह्यांची बशी तिने मनोहरपुढे ठेवली.